भाड्याचे घर आणि पायाखालची जमीन

निवृत्तीला चार-पाच वर्षे उरली की नोकरदार मध्यमवर्गीयाच्या मनात एक हिशेब सुरू होतो. भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजेचे रोखीकरण असे मिळून जे काही हाती येईल ते ठेवायचे कोठे? शेअर बाजाराची धास्ती वाटते. बँकेतील ठेवीचे व्याज महागाईपुढे तोकडे पडते. पतसंस्थांचे नाव काढावे, तर खानदेशातील असंख्य ठेवीदारांचे हात त्या आगीत एकदा पोळून निघालेले आहेत. अशा वेळी वीट, सिमेंट आणि लोखंड हेच काय ते डोळ्यांना दिसणारे धन वाटू लागते. रस्त्याच्या कडेला एखादा भूखंड घ्यावा, खाली दोन गाळे काढावेत, वर दोन बिऱ्हाडांची सोय करावी. भाडे घरबसल्या येत राहील आणि मागे मुलाबाळांनाही काही राहील. पुण्या-नाशिकच्या उपनगरांत जो विचार होतो, तोच सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अक्कलकुव्यातही होतो. फरक इतकाच की, शहरातील घरमालकाची मुख्य चिंता भाडेकरू ही असते. अक्कलकुव्यातील घरमालकाने त्याआधी आपल्या घराखालच्या जमिनीची चिंता करायला हवी.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या वायव्य टोकाचा हा तालुका. उत्तरेला नर्मदेचे खोरे, पश्चिमेला गुजरातची सीमा, आणि मधून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर हा जुना हमरस्ता. तालुक्याचे गाव म्हटले की तहसील कचेरी आली, पंचायत समिती आली, पोलीस ठाणे, दवाखाना, बँका, शाळा-महाविद्यालये आणि आश्रमशाळांचा सारा पसारा आला. या पसाऱ्याबरोबर बाहेरगावचा माणूस येतो आणि त्याला राहायला घर लागते. मोठा उद्योग नाही, कारखान्यांची वसाहत नाही. तेव्हा येथील भाड्याच्या घरांना आधार आहे तो मुख्यत्वे सरकारी पगाराचा. हा आधार भक्कम दिसतो, कारण पगार बुडत नाही. पण पगारदार टिकतो का?

राज्य शासनाचा बदल्यांसंबंधीचा २००५ चा कायदा १ जुलै २००६ पासून अमलात आला. त्यानुसार सर्वसाधारणपणे एका पदावर तीन वर्षांचा कालावधी आणि बदल्यांसाठी एप्रिल-मे हे महिने ठरलेले आहेत. त्यामुळे एखादा चांगला भाडेकरू मिळाला, तरी त्याचा मुक्काम सरकारी वेळापत्रकाने बांधलेला असतो. उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या होतात आणि नवा माणूस रुजू होऊन, चार ठिकाणी चौकशी करून, सामान आणीपर्यंत पावसाळा लागलेला असतो. त्यातही नवा माणूस कुटुंबासह येईलच असे नाही. मुलांच्या शाळेसाठी, शिकवण्यांसाठी, पत्नीच्या नोकरीसाठी तो बिऱ्हाड नंदुरबारला किंवा शहाद्याला ठेवतो आणि स्वतः रोज ये-जा करतो. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर कितीही कडक असली, तरी या ये-जा करण्याला 'अप-डाऊन' असे सुटसुटीत नाव मिळून ते आता रूढ झाले आहे. येथे एक गमतीदार विरोधाभास आहे. रस्ता चांगला झाला की गावाची भरभराट होते, जागेचे भाव वाढतात, अशी समजूत असते. गाळ्यांच्या बाबतीत ती काही अंशी खरी असेलही. परंतु राहत्या घरांच्या बाबतीत रस्ता जितका चांगला, तितका नोकरदार दूर राहू शकतो. डांबर पडले म्हणून भाडे वाढेल असे मानून कर्ज काढणाऱ्याने ही दुसरी बाजूही पाहिलेली बरी.

कर्जाचा विषय निघालाच आहे, तर थोडे आकडे मांडणे इष्ट ठरेल. समजा, जमीन व बांधकाम मिळून ३० लाख रुपये खर्च झाला आणि दोन बिऱ्हाडांकडून प्रत्येकी साडेचार हजार, म्हणजे महिना ९ हजार रुपये भाडे ठरले. वर्षाचे १ लाख ८ हजार झाले. प्रत्येक बिऱ्हाड वर्षात दोन महिने रिकामे राहिले, तर १८ हजार गेले. घरपट्टी, पाणीपट्टी, रंगकाम, पंप, नळ-मोरीची डागडुजी यांवर २० हजार धरले, तर हाती ७० हजार उरतात. तीस लाखांवर हे उत्पन्न दर साल दर शेकडा अडीच रुपयेही होत नाही. यापैकी २० लाख कर्जाऊ घेतले असतील, तर नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे १८ हजार रुपये येतो. म्हणजे भाडे पूर्ण आले तरी हप्ता त्याच्या दुप्पट. उरलेला अर्धा हप्ता खिशातून भरावा लागतो आणि तो भरायचे दिवस नेमके निवृत्तीचे असतात. आयकराच्या हिशेबात घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. १९६१ च्या कायद्यात ती होती आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यातही ती कायम आहे. पण प्रत्यक्ष दुरुस्ती त्याहून कितीही महाग पडली तरी वजावट तेवढीच. घर नवे असताना ही सवलत गोड वाटते. पंधरा पावसाळे काढलेल्या स्लॅबला गळती लागली की तिची गोडी कमी होते.

"भाडे कमी असले तरी जागेची किंमत वाढतेच की," हे यावरचे ठरलेले उत्तर. शहरांत अनेकदा ते खरे ठरले आहे. अक्कलकुव्यात मात्र किंमत वाढली आहे की नाही, हे समजायला ती जागा विकता यावी लागते. आणि खरी गोम येथेच आहे.

जमीन कोणाची?

अक्कलकुवा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या परिशिष्टाखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. भिल्ल, पावरा आदी जनजातींची येथे बहुसंख्या आहे. साध्याभोळ्या वनवासी शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या वहीतून, अंगठ्याच्या ठशातून आणि दारूच्या बाकीतून कशी सरकत गेली, याचा इतिहास या भागात कोणाला नव्याने सांगायला नको. शेजारच्या शहाद्यात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने बळकावलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी जे आंदोलन उभे राहिले, ते याच अनुभवातून. अशा अनेक आघातांनंतर १९७४ मध्ये राज्याने दोन पावले उचलली. एक म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम ३६-अ घालण्यात आले. ६ जुलै १९७४ नंतर अनुसूचित जमातीच्या खातेदाराची जमीन जनजातीबाहेरच्या व्यक्तीकडे विक्री, देणगी, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने परवानगीवाचून जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचे गहाण किंवा भाडेपट्टा यांना जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. बाकी सर्व हस्तांतरणांना त्यापुढे जाऊन राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. दुसरे पाऊल म्हणजे जमिनी परत करण्याचा स्वतंत्र कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली शेतजमीन मूळ जनजाती मालकाला परत देण्याची तरतूद त्यात होती. त्याला आव्हान दिले गेले आणि १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पुढे २०१६ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील अशा जमिनीच्या खरेदीसाठी ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची अटही आली.

कायदा इतका स्पष्ट असताना धोका कोठे आहे? धोका आहे तो कायद्याला वळसा घालण्याच्या सवयीत. जमीन जनजाती कुटुंबाच्या नावावर तशीच ठेवायची, पैसे रोख द्यायचे, मुद्रांकावर एक कच्चा करार करून तो नोटरीकडे साक्षांकित करून घ्यायचा आणि इमारत आपली उभी करायची. किंवा ओळखीच्या जनजाती गृहस्थाला नावापुरता मालक करायचे. भाडे घ्यायचे आपण, सात-बारावर नाव त्याचे. "येथे असेच चालते" या तीन शब्दांवर लाखो रुपये लावले जातात. असा व्यवहार अवैध ठरला की जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन शासनाकडे जाते आणि मूळ जनजाती मालकाला ती देऊ करण्याची तरतूद आहे. वर बांधलेल्या दोन मजल्यांचा मोबदला कोणाकडे मागणार? पैसे दिल्याचा पुरावा म्हणून कच्चा करार पुढे केला, तर तोच आपण कायदा मोडल्याचा पुरावा होतो. शिवाय बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा २०१६ मध्ये कडक करण्यात आला. त्यात मालमत्तेची जप्ती तर आहेच, शिवाय एक ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंडही आहे. निवृत्तीच्या पुंजीवर याहून मोठी जोखीम कोणती?

आणि हा केवळ गुंतवणूकदाराच्या नुकसानीचा प्रश्न नाही. त्या सात-बारावर ज्याचे नाव आहे, त्याच्याही घरात एक पिढी बदलते. बापाने कोणत्या शब्दावर, किती पैशांना, कशासाठी जमीन दिली हे मुलाला ठाऊक नसते. त्याला दिसते ते एवढेच की, कागदावर जमीन आपली आहे आणि तिच्यावरचे भाडे भलताच कोणी नेतो आहे. त्याचा संताप समजून घेण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे शेजारी राहिलेल्या दोन कुटुंबांत वैर उभे राहते आणि पुढे त्याला जातीजमातीचा रंग चढतो. पुढचा वाद पेटवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही.

जनजातीबाहेरच्या मालकाची, पूर्वीपासून गावठाणातील व निर्वेध अशी जमीनही अक्कलकुव्यात आहे आणि तिचे व्यवहार रीतसर होतात. परंतु ती निर्वेध आहे हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून भागत नाही. जुने फेरफार काढून, प्रत्येक हस्तांतरण १९७४ पूर्वीचे की नंतरचे, कोणाकडून कोणाकडे झाले, हे तपासावे लागते. अकृषिक परवानगी मिळाली म्हणजे मागचे सारे दोष धुतले गेले, हा एक लाडका गैरसमज. काही जमिनी भोगवटादार वर्ग दोनच्या असतात, त्यांना हस्तांतरणाच्या वेगळ्या अटी असतात. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेल्या जमिनीचा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. सरकारी जागेवरची टपरी 'भाड्याने' देणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीतील अतिक्रमण हटवण्याचे अधिकार २००२ च्या कायद्याने प्रशासनाला दिलेले आहेत आणि ज्या दिवशी ते वापरले जातात, त्या दिवशी भाडेकरू आणि 'मालक' दोघेही सारखेच रस्त्यावर येतात.

कागदाचे भय

जमिनीचा प्रश्न सुटला तरी भाडेकरूचा उरतोच. खेड्यापाड्यांत आणि तालुक्याच्या गावांत भाड्याचा व्यवहार बहुधा तोंडी होतो. कागद करायला घरमालकच कचरतो. 'कागद केला की भाडेकरू कायमचा बसतो' ही त्याची भीती. या भीतीचे मूळ फार जुने आहे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमीन मिळाली. त्या स्मृतीतून 'कूळ लागणे' हा शब्द मराठी माणसाच्या मनात इतका खोल रुतला आहे की, घराच्या भाडेकरूलाही तो 'कूळ' समजून घाबरतो. दोन्ही कायदे वेगळे, त्यांची तत्त्वेही वेगळी. पण भीती कायद्याची पुस्तके वाचून ठरत नाही.

मुंबईच्या अनुभवाने या भीतीत भर घातली, हेही मान्य केले पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले आणि ते तसेच गोठले. युद्धकाळातील टंचाईवरचा तात्पुरता उपाय अर्धे शतक चालला. भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेना, म्हणून मालकांनी चाळींकडे पाठ फिरवली. पागडीचा काळा व्यवहार बोकाळला. इमारती खचू लागल्या. १९६९ मध्ये शासनाला दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला, तेव्हा दक्षिण मुंबईतील १९ हजारांहून अधिक इमारती उपकराच्या कक्षेत आल्या. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे अवास्तव व अन्यायकारक असल्याचे म्हटले आणि त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडेकरूला संरक्षण देणाऱ्या हेतूबद्दल तक्रार नाही. पण मालकाला मारून भाडेकरू जगत नाही, हे मुंबईतील कोसळलेल्या चाळींनी दाखवून दिले आहे.

नवा कायदा मालकाला वाटतो तितका प्रतिकूल नाही. उलट कागद न करणे हेच आता मालकाच्या अंगावर येते. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा अनुज्ञप्तीचा, म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तो भाग वेगळाच. याउलट राहण्यासाठीचा अनुज्ञप्ती करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. हा कायदा राज्यातील प्रत्येक गावाला सर्वांशाने लागू नाही. जेथे तो नाही तेथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे नियम चालतात आणि महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. नोंदणीचा खर्च म्हणावा तर ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५०० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामतीवरचे थोडे वेगळे. महिन्याच्या चहापाण्याला याहून अधिक लागते.

गाळा बँकेला दिला की मालक निर्धास्त होतो. बँका आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना या कायद्याचे भाडेकरू-संरक्षण नाही, हे मालकाच्या पथ्यावर पडते. मात्र बँकेने शाखा हलवली, तर तिच्यासाठी बांधलेली तिजोरीची खोली दुसऱ्या कोणाच्या कामाची नसते. किराणा-कापडाच्या दुकानदाराचे भाडे पिकापाण्यावर अवलंबून. तालुक्यातील हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात ती उन्हाळ्यात परततात. होळीला, काठीच्या राजवाडी होळीला, डोंगर माणसांनी फुलतो, मोलगीच्या बाजारात आमचूर येऊ लागले की चार पैसे फिरतात, आणि मधल्या महिन्यांत दुकानदार गल्ल्याकडे पाहत बसतो. त्याच्याकडून बारा महिने सारखे भाडे येईल ही अपेक्षाच चूक. (बारडोलीकडे ऊस तोडायला गेलेल्या या कुटुंबांना तेथे भाड्याची खोली नसते, फडाजवळची खोप असते. घरभाड्याच्या कोणत्याही कायद्यात त्या खोपीचा उल्लेख नाही.)

आता एक नवी गोष्ट घडते आहे आणि तिची दखल घेणे आवश्यक आहे. जनजाती समाजातही शिक्षक, परिचारिका, पोलीस, ग्रामसेवक अशा नोकरदारांची पिढी उभी राहिली आहे आणि भाड्याने देण्यासाठी घर बांधण्याचा विचार तीही करते. जमीन स्वतःची असल्यामुळे खर्चाचा मोठा भाग वाचतो आणि वरच्या सगळ्या पळवाटांची गरज उरत नाही. अक्कलकुव्यात भाड्याच्या घराचा सर्वांत निर्वेध मालक खरे तर हाच. त्याची अडचण निराळी आहे. हे घर पुढे विकायचे झाले, तर परवानगीवाचून घेणारा जनजातीचाच असावा लागतो. ग्राहक थोडे म्हणून भाव कमी. आणि तारण विकायची वेळ आली तर घेणार कोण, या विचाराने कर्ज देणारा हात आखडता घेतो. संरक्षणाची ही किंमत आहे आणि ती ज्याचे संरक्षण करायचे त्यालाच मोजावी लागते. म्हणून कायदा सैल करा, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. तो सैल झाला तर हमरस्त्यालगतची जमीन दहा वर्षांत कोणाच्या नावावर असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. कायदा आहे तसा ठेवून जनजाती घरमालकाला बांधकामासाठी शासनाच्या हमीवर स्वस्त कर्ज मिळवून देणे, हा मार्ग अधिक कष्टाचा आहे, पण तोच रास्त आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जनजाती शेतकऱ्यांना आपली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली थेट खासगी व्यक्तींना व उद्योगांना भाडेपट्ट्याने देता येईल, असे धोरण आणण्याचे जाहीर केले. एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये असा आकडाही त्या वेळी सांगितला गेला. कोरडवाहू शेतीवाल्याला हा आकडा मोठा वाटणारच. विक्रीपेक्षा भाडेपट्टा बरा, हेही खरे. जमीन नावावर राहते. पण सौरपट्टल, मनोरा, गोदाम किंवा खडीचा खाणपट्टा यांसाठी जमीन देणारा हा शेतकरी उद्यापासून घरमालकाच्याच भूमिकेत जाणार आहे आणि तीस लाखांची इमारत बांधणाऱ्या निवृत्त मास्तरांपुढचे सगळे प्रश्न त्याच्यापुढेही येणार आहेत. भाडे थकले तर दाद कोठे मागायची? दरवर्षी वाढ किती? करार मराठीत असेल की इंग्रजीत, आणि त्याची एक प्रत मोलगीच्या डोंगरातील घरात राहील की दलालाच्या कपाटात? जमीन कंपनीकडून कंपनीकडे परस्पर गेली तर? १८८२ च्या कायद्याप्रमाणे करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर भाडेकरू आपण उभारलेले सामान काढून नेऊ शकतो, मात्र जमीन मिळाली होती त्या स्थितीत परत दिली पाहिजे. वीस वर्षांनी लोखंड उचलून नेले आणि वावरात काँक्रीटचे चौथरे तसेच राहिले, तर ते फोडून माती पूर्ववत करण्याचा खर्च कोणाचा, हे करारावर सही होण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाने शेतकऱ्याला त्याच्या बोलीत विचारून घेतले पाहिजे.